अर्थाला रांगेत उभं करू नका

‘आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं. ती पक्की झाली की शब्द, शब्दांनंतर वाक्यं आणि सगळ्यांत शेवटी पुस्तक. अर्थ काय, मागून येतोच.’ लहान मुलांच्या वाचनाचा हा क्रम आपल्याकडे इतका सर्वमान्य आहे की त्यावर वाद घालणाराच विक्षिप्त ठरतो. बेंगळुरूतल्या मराठी घरांत त्याला आणखी एक कलम जोडलेलं असतं: ‘आणि हे सगळं आधी इंग्रजीत होऊ दे. मराठी घरी बोलतोच की. वाचायचं पुढं बघू, आत्ताच शिकवलं तर पोराचा गोंधळ उडेल.’ व्हाइटफील्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत ज्यांच्या तोंडून हे ऐकू येतं, ती माणसं अडाणी नाहीत आणि बेफिकीर तर मुळीच नाहीत. मुलांवर जीव टाकणारे, पगारातला मोठा वाटा शाळेच्या फीमध्ये घालणारे आईबाप आहेत. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला नीट उत्तर द्यायला हवं.

माझं म्हणणं असं, की ही रांगच चुकीची आहे. मूल जी भाषा बोलतं त्या भाषेतलं, त्याला कळणारं साधं पुस्तक पहिल्या दिवसापासून त्याच्यासमोर हवं, आणि अक्षरं त्या पुस्तकाच्या सोबतीनं शिकवायला हवीत. अर्थ हे वाचनाचं बक्षीस नाही. तो वाचनाचं साधन आहे.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. अक्षरं शिकवावीच लागतात. नुसत्या गोष्टी वाचून दाखवल्या, भिंतीवर चित्रं आणि शब्द टांगले की मुलं आपोआप वाचू लागतात, हा गोड समज अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बरीच वर्षं मिरवला आणि त्याची किंमत मुलांनीच मोजली. पुस्तक पाठ म्हणणारं मूल वाचत नसतं. चित्र पाहून ‘ससा’च्या जागी ‘उंदीर’ म्हणणारं मूलही वाचत नसतं. तेव्हा अक्षरं शिकवावीत की नाही हा वादच नाही. वाद आहे तो अक्षरं पुरी होईपर्यंत पुस्तक बंद ठेवायचं का, याचा.

बंद ठेवायचं म्हणाल तर हिशेब करून पाहा. क्ष आणि ज्ञ धरून मराठीची छत्तीस व्यंजनं. प्रत्येकाची बाराखडी मांडली की ४३२ अक्षरचिन्हं होतात. जोडाक्षरं वेगळी, त्यात रफार, ‘ऱ्या’चा र, ‘ट्र’मधला र. कन्नडची गोष्टही तशीच. बेंगळुरूत राहून कन्नड मुलांच्या वाचनाचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेल्या सोनाली नाग यांनी २००७ सालीच दाखवून दिलं, की इंग्रजीची सव्वीस अक्षरं मुलं शाळेच्या सुरुवातीला उरकतात, पण कन्नडच्या अक्षरांचा पसारा आवाक्यात यायला चौथी उजाडते. हा मुलांचा मंदपणा नाही, लिपीचा स्वभाव आहे. आता रांग प्रामाणिकपणे पाळायची ठरवली, तर पहिलं पुस्तक मुलाच्या हाती कधी पडणार? नवव्या-दहाव्या वर्षी. तोवर ज्याला वाचन म्हणजे फळ्यावरची अक्षरं ओरडणं एवढंच ठाऊक झालं आहे, त्याला ‘आता यातला आनंद घे’ असं सांगण्यात काही अर्थ उरत नाही.

या रांगेत सगळ्या अक्षरांना सारखाच मान असतो, हा तिचा दुसरा दोष. अंकलिपीतल्या तक्त्यात ‘ङ’ आणि ‘ञ’ आहेत. या अक्षरांनी सुरू होणारा एकही शब्द लहान मुलाच्या बोलण्यात नाही, आणि पुस्तकातही ती त्याला भेटणार नाहीत. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनीही मराठी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून आपण ‘बाणातला ण’, ‘बाळातला ळ’ अशी सोय करून घेतो. उलट ‘आ’चा काना, जो जवळजवळ प्रत्येक वाक्यात लागतो, तो मुलाला भेटतो मुळाक्षरांची सगळी फौज संपल्यावर. म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलाला महिनोन्‌महिने अशी चिन्हं घोकावी लागतात ज्यांतून ‘बाबा’ लिहिता येत नाही आणि स्वतःचं नावही बहुधा लिहिता येत नाही. तक्त्याचा क्रम वर्णांच्या उच्चारस्थानांवर बेतलेला आहे. व्याकरणकारांची ती थोर कामगिरी आहे, पण ती पाच वर्षांच्या मुलाची शिकण्याची वाट म्हणून कोणी आखली नव्हती.

सगळ्यांत मोठी चूक मात्र वेगळीच आहे. ‘अक्षरं आधी, अर्थ नंतर’ म्हणणारे असं गृहीत धरतात, की अक्षरं वाचायला अर्थाची गरज लागत नाही. मराठीपुरतं तरी हे खोटं आहे. ‘चाक’ आणि ‘चार’ हे शब्द घ्या. दोन्हींत ‘चा’ तोच, उच्चार वेगळा. ‘चार आंबे’मधला ‘चार’ आणि ‘गाईला गवत चार’मधला ‘चार’ लिहायला तंतोतंत सारखे, म्हणायला निराळे. ज आणि झ यांचीही हीच कथा. कोणता उच्चार कुठं, हे लिपी सांगत नाही. वाक्य सांगतं, आणि वाक्य ज्याला कळतं त्यालाच सांगतं.

‘करवत’ हा शब्द मूल ‘क… र… व… त’ असं सुटं सुटं वाचतं तेव्हा प्रत्येक अक्षर बरोबर असूनही शब्द चुकतो, कारण बोलताना आपण ‘र’ आणि ‘त’ यांमधला अ गाळतो आणि ‘क’ व ‘व’ यांतला ठेवतो. कुठला अ गाळायचा, याची खूण कागदावर नाही. ज्या मुलानं घरी करवत पाहिली, ऐकली आहे, ते दोनदा अडखळून तिसऱ्यांदा ‘करवत!’ म्हणून थबकतं. ज्यानं ऐकलेलीच नाही, ते चार अक्षरं म्हणून पुढं सरकतं, आणि आपण खूश होतो की चुकलं नाही. हे ओळखीचं थबकणं म्हणजेच वाचन. ते अर्थाशिवाय घडत नाही.

बोलायला शिकवताना आपण असं कधी वागतो का? तान्ह्या बाळाला कोणी आधी सगळे स्वर, मग सगळी व्यंजनं घोकायला लावत नाही. आपण त्याच्याशी पहिल्या दिवसापासून पूर्ण वाक्यांत बोलतो, त्याला काय कळेल याची वाट पाहत नाही, आणि त्याच्या ‘दुदू’चं आपणच ‘दूध हवं का?’ करतो. वाचन हे बोलण्यासारखं आपोआप येत नाही, ते शिकवावंच लागतं. पण शिकवायचं म्हणजे अर्थ काढून घ्यायचा, हे कोणी ठरवलं?

पुरावा मागाल तर तोही बेंगळुरूशी आणि मराठीशी जोडलेला आहे. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी व कन्नड या दोन भाषांतल्या सुरुवातीच्या वाचन-लेखनाचा अभ्यास केला. कर्नाटकात यादगीर आणि महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातला वाडा इथल्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत तीन वर्षं पाठपुरावा झाला, आणि बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठानं टाटा ट्रस्टसह २०१७ मध्ये अहवाल छापला. वर्गांत जे दिसलं ते आपल्या रांगेचंच चित्र होतं: मुळाक्षरं, बाराखडी, नक्कल, पाठांतर. मुलं काय विचार करतात, घरी काय पाहतात, याला वर्गात जागा नव्हती. तिसरी संपत आली तरी अनेक मुलं जोडाक्षरांचे शब्द वाचताना अडत होती, आणि साधा मजकूर वाचून समजून घेणं त्याहून दूर होतं. म्हणजे रांगेनं अर्थ दिला नाहीच, ज्या अक्षरांसाठी अर्थ मागं ठेवला तीही पक्की केली नाहीत.

मुलांचं शिकणं तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. या आकड्यावर आपण हळहळतो. पण ‘असर’च्या या चाचणीत मूल मोठ्यानं वाचतं, वाचलेलं कळलं का हे त्यात तपासलं जात नाही. कळण्याची अट घातली तर हा आकडा वर जाणार नाही, एवढं नक्की.

‘पण आम्ही असेच शिकलो, आमचं काय बिघडलं?’ हा प्रश्न येणारच. त्याचं पहिलं उत्तर असं, की हे विचारायला जे उरले तेच विचारतात. त्याच वर्गात मागच्या बाकावर बसणारे, दुसरी-तिसरीत शाळा सोडून गेलेले आपल्या बाजूनं साक्ष द्यायला इथं नाहीत. दुसरं उत्तर बेंगळुरूकरांसाठी जास्त महत्त्वाचं आहे. सांगलीत, नाशिकात किंवा बेळगावात वाढलेल्या मुलाला अंकलिपीबाहेर मराठी भेटत होती: दुकानाच्या पाटीवर, एसटीच्या फलकावर, वडिलांच्या वर्तमानपत्रात, कीर्तनाच्या जाहिरातीत. अंकलिपीत जो अर्थ नव्हता तो गावानं पुरवला. बेंगळुरूत रस्त्यावर कन्नड आणि इंग्रजी आहे, आणि ते रास्तच आहे. पण त्यामुळं इथल्या मराठी मुलाला मराठी मजकूर फक्त घरात, फक्त पुस्तकात भेटू शकतो. आपण तोच बंद ठेवला, तर उरतं काय?

आता दुसरं कलम: ‘आधी इंग्रजी’. वाचनाच्या अभ्यासात एक साधं सूत्र फार प्रसिद्ध आहे. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये ते मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणून एक आकडा शून्याजवळ असला की दुसरा कितीही मोठा असो, उत्तर शून्याजवळच राहतं. जे चार वर्षांचं मूल आजीशी मराठीत भांडतं, स्वप्न मराठीत सांगतं आणि इंग्रजीत ‘मे आय गो टू वॉशरूम’ एवढंच बोलतं, त्याला फोनिक्सच्या, म्हणजे अक्षर आणि ध्वनी जोडण्याच्या, जोरावर इंग्रजी ओळी घडाघडा म्हणायला शिकवता येतं. आईबाप व्हिडिओ काढतात. मूल मात्र त्या ओळींवर एकही प्रश्न विचारत नाही, कारण विचारण्याजोगं त्याला काही कळलेलंच नसतं. तेच मूल मराठी गोष्टीत मधेच थांबवून विचारतं, ‘पण माकड घरी का नाही गेलं?’ ज्या भाषेत मूल असा प्रश्न विचारू शकतं, तीच त्याच्या पहिल्या पुस्तकाची भाषा.

आणि गोंधळाचं भय? एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते, हे जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलं आहे. मजकुराला अर्थ असतो, पुढं काय होईल याचा अंदाज बांधता येतो, कळलं नाही तर मागं जाऊन पुन्हा वाचावं, या गोष्टी मूल एकदाच शिकतं आणि सगळ्या भाषांत वापरतं. बेंगळुरूत तर याचा दुहेरी फायदा आहे. कन्नडची वर्णमाला आपल्याच क्रमानं चालते, आपल्या बाराखडीला तिथं कागुणित म्हणतात आणि जोडाक्षरांना ओत्तक्षर. ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ हे कन्नडचं वेगळेपण सोडलं, तर व्यंजनाला चिन्ह जोडलं की उच्चार बदलतो ही युक्ती तीच. मराठीतून ती कळलेल्या मुलाला शाळेतलं कन्नड परकं वाटत नाही. ‘मराठी शिकवली तर कन्नड कसं येणार?’ या प्रश्नाचं उत्तर: जास्त सोपेपणानं.

ही भावनेची बाजू नाही, आणि मराठी अस्मितेची तर नाहीच. ज्या घरात आई कन्नड आणि वडील मराठी आहेत आणि मूल कन्नडमध्येच मोकळं होतं, तिथं पहिलं पुस्तक कन्नड असावं. जिथं मूल खरोखरच इंग्रजीत विचार करतं, तिथं इंग्रजी. कसोटी एकच: मूल कशात समजतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलं आहे. पण सक्ती करता येणार नाही, माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, असं सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०१४ रोजी कर्नाटकच्याच खटल्यात सांगितलं आहे. हा हक्क ज्यांनी इंग्रजी शाळेसाठी वापरला, त्यांच्यावर संध्याकाळच्या अर्ध्या तासाची जबाबदारी आपोआप येते. शाळा बदलायची गरज नाही, पण शाळा जे करणार नाही ते घरानं करायला हवं.

या रांगेनं अलीकडं एक नवं अवजार हाती घेतलं आहे, वेग. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानानं दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द ‘समजून’ वाचता यावेत, असं उद्दिष्ट ठेवलं. त्यातला ‘समजून’ हा शब्द मोजता येत नाही आणि ६० हा आकडा मोजता येतो, त्यामुळं घड्याळ उरलं आणि समज गळाली. अडखळत वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही, हे खरं, आणि म्हणून वेगाला महत्त्व आहे. पण सगळ्या भाषांना एकच फूटपट्टी लावणं चूकच. ‘झाडाखालच्या मुलीनं’ हे मराठीत दोन शब्द आहेत, इंग्रजीत तेवढ्यासाठी पाच-सहा लागतात. कन्नडमध्ये ‘घरात’ला ‘मनेयल्लि’ हा एकच शब्द पुरतो. वेग तपासायचाच असेल तर त्यानंतर पुस्तक मिटा आणि मुलाला विचारा, ‘काय झालं गोष्टीत?’ मग असा एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर पानावर छापलेलं नाही. दोन्हींना उत्तर आलं तरच मिनिटाच्या आकड्याला किंमत.

मग करायचं काय? ‘बोलणं सोपं’ असं कोणी म्हणू नये म्हणून सांगतो. क, म, ल, त ही चार अक्षरं घ्या आणि एक काना. एवढ्यातून काका, मामा, मला, लाल, काल, ताक हे शब्द होतात, आणि ‘काका, मला ताक!’ असं वाक्यही होतं. या वाक्यावर मूल हसतं, ‘मामा, मला ताक!’ असं स्वतः करून पाहतं, आणि त्या क्षणी ते वाचक झालेलं असतं. छत्तीस अक्षरांची वाट पाहावी लागली नाही. अशा छोट्या अक्षरगटांनी, काना-मात्रा सोबत घेऊन, लगेच शब्द आणि वाक्यांकडं जाण्याची पद्धत मराठीत नवी नाही. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषातज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत ती मुलांच्या बोलीशी जोडून घडवली. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था याच वाटेनं काम करते. आणि मुलाच्या अनुभवापासून शिक्षण सुरू करावं, हे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला करून दाखवलं होतं. ‘ही पाश्चात्त्यांची फॅशन आहे’ म्हणणाऱ्यांनी आधी आपलं घर तपासावं.

अक्षरांचं हे काम रोज दहा मिनिटांचं. उरलेला वेळ पुस्तकाचा. ते तुम्ही वाचा, ओळीखाली बोट फिरवत. पान उलटण्याआधी पुढं काय होईल ते विचारा. ‘हे काय आहे?’पेक्षा ‘असं का केलं असेल?’ हा प्रश्न जास्त वेळा येऊ द्या. शिकलेल्या चार अक्षरांचा शब्द पानावर आला की तो मुलाला वाचू द्या. मूल चित्र बघून अंदाज मारत असेल तर चित्रावर हात ठेवा आणि शब्दाकडं वळवा. प्रत्येक चुकीला टोकू नका, अर्थ बिघडवणारी चूक तेवढी दुरुस्त करा.

पुस्तकं नाहीत, ही सबब बेंगळुरूत तरी चालणार नाही. २००४ मध्ये याच शहरात सुरू झालेल्या प्रथम बुक्सनं ८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘स्टोरीवीव्हर’ खुलं केलं. तिथं मराठीतल्याही गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. एक सावधगिरी बाळगा: अनुवादित गोष्टीची पातळी मूळ भाषेवरून ठरलेली असू शकते. इंग्रजीतला सोपा ‘सन’ मराठीत रफाराचा ‘सूर्य’ होतो आणि ‘फ्रेंड’चा ‘मित्र’ जोडाक्षर घेऊन येतो. म्हणून पातळीच्या आकड्यावर न जाता एक पान स्वतः वाचून पाहा. मुळात मराठीत लिहिलेली पुस्तकं हवी असतील तर माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’पासून सुरुवात करा, त्यात घरातलीच माणसं आहेत.

बेंगळुरूच्या महाराष्ट्र मंडळाला आणि सोसायट्यांतल्या मराठी गटांना माझी विनंती आहे. गणेशोत्सवात मुलांच्या पाठांतराच्या स्पर्धा पुष्कळ झाल्या. यंदा एक स्पर्धा कमी करा आणि त्या पैशांतून पहिल्या वाचकांसाठी मराठी पुस्तकांचं एक कपाट करा, आणि आठवड्यातून एक तास तिथं मोठ्यांनी मुलांसोबत बसून वाचावं. बक्षीस नको, गुण नकोत. आईबापांना एवढंच सांगणं, की अक्षरं पक्की व्हायची वाट पाहत तुम्ही जितके महिने थांबाल, तितके महिने मूल हेच शिकत राहील की वाचण्याचा समजण्याशी काही संबंध नसतो. ते शिकलेलं पुसायला फार वर्षं लागतात. सुरुवात करायला चार अक्षरं आणि एक काना पुरतो.